आईला वाचून दाखवलेला पाऊस

दिनांक ४ एप्रिल रोजी धरण विभागाने एक हजार वर्षांचे हवामान तयार करण्यासाठी रुपये २,८६,४०० मंजूर केले. म्हणजे वर्षाला दोनशे शहाऐंशी रुपये चाळीस पैसे आणि दिवसाला साधारण अठ्ठ्याहत्तर पैसे. “इतक्या स्वस्तात दिवस बाजारात कुठेच मिळणार नाहीत,” असे म्हणत कचेरीतल्या नकाशेवाल्याने मंजुरीचा कागद शेजारच्या टेबलावर सरकवला. ते टेबल पाऊसकरांचे.

पाऊसकर हे काही त्यांचे आडनाव नव्हे. खरे आडनाव पगारपत्रकावर होते आणि तिथेच राहिले. कागदावर पाऊस पाडणारा माणूस म्हणून कचेरीने त्यांचे हे बारसे केले, आणि ते नाव इतके मुरले की टेलिफोन उचलल्यावर तेही “पाऊसकर बोलतोय” असेच म्हणत. अंगाने किरकोळ, खिशात दोन पेने, हातात स्टीलची पट्टी. रकाने तपासताना ती पट्टी ते ओळीखाली धरत आणि हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय पुढच्या ओळीकडे ढुंकून बघत नसत. पुढची ओळ डोळ्यांत शिरली की मागची चुकते, असे त्यांचे म्हणणे होते.

काम ऐकायला चमत्कारिक, करायला रूक्ष. विभागाकडे मोजलेल्या हवामानाच्या नोंदी होत्या त्या एका माणसाच्या नोकरीभराच्या. तेवढ्यावरून धरणाची भिंत किती उंच बांधायची हे ठरत नाही. म्हणून त्या नोंदींच्या सवयी यंत्राला शिकवायच्या आणि त्या सवयींनी वागणारे नवे दिवस त्याच्याकडून करून घ्यायचे. कधी न उजाडलेले, पण उजाडू शकले असते असे दिवस. यंत्र प्रत्येक दिवसाला एकच प्रश्न विचारते: काल पाऊस होता का? होता, तर आज पडण्याची शक्यता जास्त. नव्हता, तर कमी. मग फासा टाकावा तसा एक आकडा काढायचा, पाऊस पडतो की नाही ते ठरवायचे, पडला तर किती ते ठरवायचे, आणि त्यावरून ऊन. परवा काय झाले होते ते यंत्राच्या गावीही नसते. काल, एवढीच त्याची आठवण.

“यंत्राला निदान कालचं आठवतं,” नकाशेवाला म्हणे. “आपल्या साहेबांना सकाळचं आठवत नाही.”

फासाही खरा फासा नव्हे. सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. पुढचे सगळे त्यातून निघते. तोच आकडा पुन्हा दिला की तेच दिवस पुन्हा येतात, शेवटच्या दशांशापर्यंत. नकाशेवाला आपल्या स्कूटरचा नंबर देई. पाऊसकर ४१७ देत. वडील टपालखात्यात पोस्टमन होते, त्यांच्या पितळी बिल्ल्यावर हा आकडा होता. लहानपणापासून पाठ, विसरायची भीती नाही, एवढेच कारण.

घरी ते, बायको आणि आई. आईची खोली आतली. तिला खिडकी होती, पण शेजाऱ्याने घर वाढवले तेव्हा त्याची भिंत खिडकीपासून हातभर अंतरावर आली. आता खिडकी उघडली की समोर सिमेंट. आईला त्याचे काही नव्हते, कारण तिची दृष्टी त्याआधीच गेली होती. सकाळी जाग आली की ती एकच विचारी, “बाहेर कसं आहे रे?” हा प्रश्न ती जन्मभर नवऱ्याला विचारत आली होती. पोस्टमन माणूस दाराबाहेर डोके काढून आभाळ बघे आणि सांगे. त्यावर ती कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरवी. नवरा गेल्यावर हे काम मुलाकडे आले. पाऊसकर डोके बाहेर काढत नसत. अंदाज वेगळा आणि नोंद वेगळी, असे म्हणून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातले आकडे ते वाचून दाखवत. कमाल, किमान, पाऊस.

त्या उन्हाळ्यात आईने अन्न सोडायला सुरुवात केली. भांडण नाही, तक्रार नाही. दोन चमचे भात झाला की ओठ मिटायचे. बायको रोज तिला कुशीवर वळवी. एक दिवस ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “अहो, आईंना उचलताना कपड्यांचं गाठोडं उचलल्यासारखं वाटतं.” डॉक्टर आले, नाडी बघितली आणि पाऊसकरांना दाराबाहेर नेऊन म्हणाले, “औषध नाही ह्याला. पोटात गेलं पाहिजे. असंच चाललं तर महिना निघणार नाही.”

पाऊसकरांनी मान हलवली. आई जाणार हे त्यांना कळत होते. अशी, न जेवता, भिंतीकडे तोंड करून जाणार, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते.

यंत्राचे कागद साहेबांकडे जाण्यापूर्वी कुणीतरी एकदा डोळ्यांनी वाचायचे, असा कचेरीचा रिवाज होता. पाऊसकर त्यातले पावसाळ्याचे महिने घरी आणत आणि सकाळी चहाबरोबर वाचत. एका रविवारी ते कागद वर्तमानपत्रावर पडले होते. आतून आईची हाक आली. त्यांनी हाताला लागला तो कागद उचलला, पट्टी ओळीखाली धरली आणि खोलीत जाऊन वाचले, “कमाल सत्तावीस. किमान तेवीस. पाऊस सतरा मिलिमीटर.”

वाचून होईपर्यंत चूक ध्यानात आली होती. बाहेर डांबर वितळत होते. माफी मागून ते खरा कागद आणायला वळणार, एवढ्यात आईने डोळे उघडले.

“तरीच,” ती म्हणाली. “रात्रभर पत्रा वाजत होता.”

त्यांच्या घराला गच्ची होती. पत्र्याचे घर त्यांनी पाऊसकर शाळेत असताना सोडले होते.

“ह्यांनी रेनकोट नेला ना?”

‘हे’ म्हणजे वडील. पाऊसकरांनी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. पण हा आकडा नव्हता. ते म्हणाले, “नेला.”

“बरं झालं. भूक लागलीय रे.”

आईने वाटीभर भात खाल्ला आणि वर दूध मागून घेतले. बायको रिकामी वाटी हातात धरून दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊसकरांनी शिस्तीने वर्तमानपत्र नेले. “कमाल एकोणचाळीस. किमान सव्वीस. पाऊस निरंक.”

“निरंक काय, निरंक!” आई म्हणाली. “काल दारापर्यंत पाणी आणि आज एकोणचाळीस? कुठलं वाचतोस? दुसऱ्या कुणाच्या गावचं असेल ते.” तिने तोंड फिरवले. त्या दिवशी तिने एक चमचाही घेतला नाही.

“अहो, कालचंच वाचा ना,” बायको म्हणाली.

“कालचं खरं नव्हतं.”

“काल त्या जेवल्या. ते खरं होतं की नाही?”

तिसऱ्या सकाळी त्यांनी यंत्राचा कागद घेतला, सतराखालच्या ओळीला पट्टी लावली आणि वाचले, “कमाल सव्वीस. किमान तेवीस. पाऊस नऊ.” आईने ऐकले आणि पहिल्यांदा स्वतःहून पाणी मागितले.

तेव्हापासून तो नेमच झाला. एक सकाळ, एक ओळ. आई जेवू लागली. गालांवर थोडी तुकतुकी आली, आवाज मोकळा झाला, ती सुनेला टोमणेही मारू लागली. “भातात मीठ टाकायचं असतं, हे तुझ्या माहेरी सांगितलं नाही का?” बायकोला इतका आनंद झाला की तिने ही गोष्ट शेजारी दोनदा सांगितली.

पण आई आता या घरात कमी आणि त्या पत्र्याच्या घरात जास्त राहत होती. ती सांगे, ह्यांचे बूट चुलीपाशी उपडे घातलेत. ह्यांनी आज टपालाची पिशवी मेणकापडात बांधली. मागची पायरी निसरडी झालीय, जपून उतर. पाऊसकर ऐकत. म्हातारपणी माणूस मागे जातो, हे त्यांना ठाऊक होते. फक्त मागे जाणारा माणूस जुने सांगतो, आणि आई जे सांगत होती ते जुने नव्हते. ते रोज नवे होते, कागदावरच्या ओळीला जुळणारे.

“एक विचारू?” बायको एकदा म्हणाली. “आई आत बोलत असतात.”

“बोलू दे की.”

“बोलण्याचं नाही हो. मध्ये थांबतात. फोनवर बोलताना आपण थांबतो ना, पलीकडचं ऐकायला, तसं. मग हसतात. परवा मी दाराशी उभी राहिले, तर थांबून म्हणाल्या, ‘सून आलीय, मग बोलू.’”

त्याच आठवड्यात आईने ओळ वाचून झाल्यावर सहज म्हटले, “आज जोर आहे, उद्या निवळेल.” दुसऱ्या सकाळी पट्टी खाली सरकवली तर खाली ‘२’ होता. मग ती म्हणाली, “उद्या बघ, दिवसभर सोडणार नाही.” खाली ‘४८’ निघाला. कागद बंद पेटीत असे, आई आंधळी होती, आणि पुढची ओळ खुद्द पाऊसकरांनी वाचलेली नव्हती. तीन-चारदा असे झाल्यावर ते ओळ वाचताना आईकडे बघायचे टाळू लागले.

खोलीला वासही येऊ लागला. ओल्या रबराचा, जुन्या रेनकोटाचा. बायकोने गादी उन्हात टाकली, फरशी पुसली. “कुठून तरी ओल येतेय,” असे म्हणून तिने भिंतींना हात लावून बघितले. भिंती कोरड्या ठणठणीत होत्या. उन्हाने त्यांना भेगा पडल्या होत्या.

साहेबांनी मधल्या काळात त्या कागदांची दुसरी प्रत काढून घेतली होती. एक दिवस त्यांनी पाऊसकरांना बोलावले. साहेब खूश होते. ते खूश असले की खुर्चीत मागे-पुढे हलत.

“पाऊसकर, हा दिवस बघितलात? तीनशे अकरा! एका दिवसात तीनशे अकरा मिलिमीटर! आपल्या नोंदीत याच्या निम्माही नाही.”

“कुठला, साहेब?”

साहेबांनी ओळीवर बोट ठेवले. पाऊसकरांनी पट्टीशिवाय पुढची ओळ बघितली ती तेवढीच. घरी ते ज्या ओळीवर होते, तिच्याखालची ती दुसरी होती.

“हे बनवलेले दिवस आहेत, साहेब. कधीतरी एखादा असा निघतो.”

“अहो, म्हणून तर बनवतो! भिंत याच्यावरच ठरवू. फार कामाचा दिवस आहे. नदीकाठचं काय होईल त्या दिवशी, विचार करा!”

पाऊसकरांनी विचार केला.

दुसऱ्या सकाळी आईने ओळ ऐकली आणि म्हणाली, “उद्याच्या फेरीला हे नदीपलीकडे जाणार आहेत. तिकडच्या वस्तीच्या मनीऑर्डरी आल्यात.”

“उद्या?” पाऊसकरांनी विचारले. “उद्याच का? नंतर नाही का जाता येणार?”

“तू सांग त्यांना. मी सांगून कधी ऐकलंय? तूही त्याच मातीचा.”

वडील खरे वारले होते ते इस्पितळात, कोरड्या महिन्यात, छातीत कळ येऊन. त्यानंतर आई कित्येक महिने अशीच भिंतीकडे तोंड करून पडून होती. कशीबशी उठली होती. हे दुसऱ्यांदा तिला सोसणार नाही, हे पाऊसकरांना स्वच्छ दिसत होते. उद्या सकाळी ती ओळ वाचायची म्हणजे आपल्या तोंडाने वडिलांना पुरात लोटायचे आणि आईला त्यांच्यामागे पाठवायचे. न वाचावे, तर जेवण बंद.

कचेरीत त्यांनी नकाशेवाल्याला विचारले, “समज, एका मालिकेतले दिवस चालू आहेत. मध्येच सोडून दुसऱ्या मालिकेवर गेलं तर?”

“कालची स्थिती जुळते ना? काल ओला, तर ओल्यानंतरचा दिवस घ्यायचा. झालं. यंत्राला काय कळतंय? त्याला कालच्यापलीकडे आठवण आहे कुठे?”

“सांधा दिसणार नाही?”

“जगातला कुठलाही हिशेब तपासनीस शोधू शकणार नाही. का हो? काय भानगड आहे?”

“काही नाही,” पाऊसकर म्हणाले आणि संध्याकाळी कचेरी रिकामी होऊ लागल्यावर यंत्रासमोर बसले. ४१७ऐवजी त्यांनी टेलिफोनच्या बिलावरचे शेवटचे आकडे दिले, कालचा दिवस ओला असे सांगितले आणि पुढचे दिवस मागितले. पहिलीच ओळ आली: कमाल एकतीस, किमान बावीस, पाऊस निरंक. ओल्या दिवसानंतर कोरडा दिवस. अगदी नियमात बसणारा. त्यांच्या जिवात जीव आला.

सकाळी त्यांनी तो नवा कागद वाचला. “कमाल एकतीस. किमान बावीस. पाऊस नाही, आई. आज छान ऊन आहे.”

आईचा हात चादरीवरून हळूहळू फिरू लागला, अंधारात काडेपेटी शोधावी तसा.

“हे कुणाचे दिवस आणलेस?” ती म्हणाली.

“आपलेच, आई.”

“आपले नाहीत. तुझे बाबा पहाटेच गेले, तेव्हा पाऊस लागला होता. आणि तू इथे ऊन सांगतोस. आता ते परत येणार कुठे?” तिचा श्वास जलद झाला. “इथे कुणीच नाही रे. घरं आहेत. दारं उघडी आहेत. दोऱ्यांवर कपडे नाहीत. नुसतं ऊन पडलंय.”

“आई, मी आहे ना इथे.”

“तू तिथे आहेस. मी इथे आहे.”

पाऊसकरांनी यंत्राला पाऊस, ऊन, थंडी शिकवली होती. माणसे कुणी शिकवली नव्हती. पहिल्या मालिकेत ती होती, तेच खरे तर नवल होते.

त्या दिवशी आईने पाणीही घेतले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या कागदावरची पुढची ओळ वाचायला घेतली, तर तिने कानांवर हात ठेवले. मध्येच ती मोठ्याने हाक मारी आणि थांबून ऐके. आता मात्र ते थांबणे उत्तरासाठी नसे. आपलीच हाक रिकाम्या गल्लीतून कुठवर जाते ते ती ऐकत असावी. दुपारपर्यंत तिचे ओठ फुटले.

“काय वाचलंत तुम्ही त्यांना?” बायकोने विचारले. पाऊसकरांनी सगळे सांगितले, तीनशे अकरासकट. ती हसली नाही, की वेड लागलंय का असेही म्हणाली नाही. ती म्हणाली, “जुनंच वाचा.”

“त्यात बाबा पलीकडे आहेत. पूर येणार आहे.”

“येऊ दे. तिथे निदान वाट बघायला माणूस आहे. इथे तुम्ही त्यांना कुठे नेऊन सोडलंय? त्या उन्हात एकट्या मरतायत त्या.”

पाऊसकर जुना कागद घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. खिशातले पेन त्यांच्या हातात आले होते. तीन, एक, एक. मध्ये एक टिंब दिले की एकतीस पूर्णांक एक. बरा, साधा पाऊस, रेनकोटात भागणारा. कुणाला कळणार होते? यंत्राला नाही, साहेबांना नाही. पेनाचे टोक कागदाला लागले, आणि तिथेच राहिले. आईने नुसत्या उन्हावरून परके दिवस ओळखले होते. हे टिंब तिला कळल्याशिवाय राहिले नसते, आणि मग ती कुठे गेली असती ते देव जाणे. त्यांनी पेनाला टोपण लावले.

सकाळी त्यांनी रजा टाकली. आईच्या उशाशी खुर्ची ओढली, पट्टी ओळीखाली धरली आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून वाचले.

“कमाल चोवीस. किमान बावीस. पाऊस तीनशे अकरा.”

आईने त्यांचे मनगट धरले. तिचा हात बर्फासारखा होता. “आला,” ती म्हणाली. “आला रे पाऊस. आता हे दिवस आपले.”

त्यानंतर ती दिवसभर ऐकत राहिली. बाहेर पारा एक्केचाळीसवर होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि खोलीत बायकोला शाल आणावी लागली. अधूनमधून आई बोलत होती. घाबरून नाही, कुणाला तरी माहिती द्यावी तशी.

“खालच्या पायरीपर्यंत आलंय.”

मग बऱ्याच वेळाने, “दुसरी गेली.”

मग, “उंबरा.”

पाऊसकर फरशीकडे बघत होते. फरशी कोरडी होती. आपण दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले आहेत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले. समोर बघितले तर बायकोही पलंगावर पाय घेऊन बसली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितले आणि पाय खाली कुणीच सोडले नाहीत.

“बाबा?” त्यांनी शेवटी विचारले.

“दिसत नाहीत. पाण्याचाच आवाज आहे.”

संध्याकाळी तिचा डोळा लागला. मनगट तिने सोडले नाही. पाऊसकर खुर्चीतच बसून राहिले. उजाडल्यावर त्यांनी डाव्या हाताने पट्टी एक ओळ खाली सरकवली. “कमाल पंचवीस. किमान बावीस. पाऊस चौसष्ट.”

आई हसली. तिला दात नव्हते. ते हसणे चेहऱ्यावर पसरले तेव्हा ती एकदम तरुण दिसली.

“आले,” ती म्हणाली. “नखशिखांत भिजलेत. पिशवी मात्र कोरडी ठेवलीय, बघ. रात्रभर पलीकडच्या शाळेच्या माळ्यावर होते. होडीतून आले पहाटे.” मग ती थांबली, पलीकडचे ऐकले आणि पुन्हा मुलाकडे वळली. “होडीवाल्याचे बारा रुपये झालेत. ह्यांच्याकडे सुटे नव्हते. मी म्हटलं, माझा मुलगा कमावता आहे, तो देईल. देशील ना?”

“देईन.”

“विसरू नकोस. त्याने जीव धोक्यात घातला. आणि भूक लागलीय मला. ह्यांनाही वाढा.”

बायकोने दोन ताटल्या भरल्या. एक आईला भरवली. दुसरी खोलीतल्या स्टुलावर ठेवली आणि थोड्या वेळाने परत नेली. तिच्यातला भात होता तसा होता. फक्त गार झाला होता, इतका गार की ताटलीला बाहेरून घाम सुटला होता.

साहेबांनी भिंतीची उंची ठरवली, कागद पुढे गेले, पाऊसकरांचे टेबल रिकामे झाले. आई दोन्ही वेळा जेवते. डॉक्टर येऊन गेले आणि जिन्यात म्हणाले, “माझं गणित चुकलं.” घरातले वर्तमानपत्र बंद झाले. आताशा ओळ वाचायचीही गरज पडत नाही. सकाळी पाऊसकर कागद घेऊन जातात तोवर आईला आकडे कळलेले असतात. “ह्यांनी सांगितलं,” ती म्हणते. पाऊसकर तरी पट्टी लावून पडताळून बघतात. अजून एकही चुकलेला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी ते नदीवर गेले होते. नदीवर पूल आहे, त्यांच्या मिसरूड फुटण्याच्या आधीपासून. पात्रात वाळू आणि एक डबके. पुलाच्या तोंडाशी पंक्चरवाला बसला होता, त्याला त्यांनी होडीवाला कुठे भेटेल असे विचारले.

“होडी?” पंक्चरवाल्याने पात्राकडे बघितले, मग पाऊसकरांकडे. “चाकं लावून आणणार का, काका?”

ते परत आले. आईने पायांच्या आवाजावरून ओळखले आणि विचारले, “दिलेस?”

“भेटला नाही, आई.”

“भेटेल कसा? तो काल इथेच येऊन गेला. उंबऱ्याशी उभा होता. भला माणूस आहे. म्हणाला, घाई नाही, पण मुलाच्या कानावर घाला.”

बायकोने सुटे पैसे मोजून दाराजवळच्या फळीवर ठेवले. ते अजून तिथेच आहेत. होडीवाल्याचे रुपये बारा देणे बाकी आहे.